फादर दिब्रिटो, अब्बा आणि तीन वह्या

१० जानेवारी २०२० हा दिवस मला दोन म्हाताऱ्या माणसांमुळे लक्षात आहे. एक व्यासपीठावर होते आणि दुसरे माझ्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, त्या दिवशी ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झालं. गोरोबाकाकांचं तेर तिथून जवळ, म्हणून संमेलननगरीला त्यांचं नाव दिलेलं. शुक्रवार होता. अब्बांनी आधीच बजावलं होतं, जुमा चुकणार असेल तर मी येत नाही. त्यामुळे आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. अब्बांनी तिथल्याच एका मशिदीत जुम्याची नमाज पढली, मग डब्यातली भाकरी आणि अंड्याची भुर्जी खाऊन आम्ही मांडवात जाऊन बसलो.

अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे कॅथलिक धर्मगुरू, वय ७७. पाठीचं दुखणं इतकं बळावलेलं की त्यांना व्हीलचेअरवरून आणावं लागलं. उद्घाटक होते ना. धों. महानोर. त्यांचंही वय ७७. दोघांचं जन्मसाल एकच, १९४२. एका ख्रिस्ती धर्मगुरूला मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष केलाच कसा, म्हणून काही संघटना आधीपासून चिडलेल्या होत्या. धमक्यांचे फोन झाले होते. महानोरांनाही जाऊ नका असं कळवण्यात आलं होतं. ते आले. फादरही आले.

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चलना नहीं होता, मगर आए."

ते ऐकून मला शरम वाटली. का, ते पुढे सांगते. आधी फादरांविषयी लिहिते, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांना त्यांचं नाव फक्त त्या वादामुळे माहीत आहे, आणि तो वाद त्यांच्या मोठ्या आयुष्यातला अगदी छोटा भाग होता.

फादर वसई भागातल्या नंदाखाल गावचे. वसईचे ख्रिस्ती म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मुंबईतले इंग्रजी बोलणारे लोक येतात. तो आपला गैरसमज आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज निघून गेले. पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेली गावं जागेवरच राहिली. केळीच्या बागा, पानवेली, फुलं, भाजीपाला करत राहिली आणि आपापल्या मराठी बोली बोलत राहिली. आडनाव पोर्तुगीज, म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर लुगडं, लग्नातली गाणी मराठी बोलीतली. आपल्या कोकणातल्या मुस्लिम गावांची आठवण काढा. नावं अरबी आणि बोली तिथल्या मातीची. फार फरक नाही.

१९७२ साली ते धर्मगुरू झाले. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये कॅथलिक धर्मसभेची मोठी परिषद झाली होती आणि तिच्यानंतर चर्चमधली उपासना लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत व्हायला लागली. म्हणजे फादरांच्या पिढीला हे दार नुकतंच उघडलेलं मिळालं. देवाबद्दल बोलायचं ते समोरच्या बाईला कळेल अशा मराठीत, हे त्यांच्या पिढीचं काम होतं. फादरांनी ते काम चर्चच्या भिंतीपाशी थांबवलं नाही.

१९८३ ते २००७ ते 'सुवार्ता' या मासिकाचे संपादक होते. चोवीस वर्षं. मी शाळेचं भित्तिपत्रक वर्षातून चारदा काढते तर मला धाप लागते. इथे महिन्यामागून महिना, चोवीस वर्षं. नाव 'सुवार्ता', मासिक ख्रिस्ती समाजाचं, पण वाचणारे आणि लिहिणारे सगळ्या समाजांतले. धर्माबरोबर समाजाचे प्रश्न, साहित्य, पर्यावरण, सगळं त्यात आलं. चर्चचं मासिक आहे म्हणून त्यांनी त्याला कुंपण घातलं नाही आणि सगळे वाचतात म्हणून त्यातला येशूही लपवला नाही.

१९८८ च्या सुमारास वसईची हिरवी जमीन बांधकामांसाठी मोकळी होऊ लागली. ज्या विहिरींवर बागा उभ्या होत्या त्यांचं पाणी टँकरमध्ये भरून नव्या इमारतींना जाऊ लागलं. समुद्रकाठच्या गावात विहीर जास्त उपसली की खारं पाणी आत शिरतं, हे तिथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. त्यातून 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली आणि फादर तिच्या पुढे उभे राहिले. समोर बिल्डर होते, टँकरवाले होते, गुंड होते, आणि त्यांना पाठीशी घालणारं राजकारण होतं. त्या काळच्या वसईत यांच्याविरुद्ध जाहीर सभेत बोलणं म्हणजे काय होतं, ते तिथले जुने लोक अजून सांगतात. बरोबर लढणारे सगळे ख्रिस्ती नव्हते. पाणी सगळ्यांचंच जात होतं.

मग बायबल. मराठीत बायबल नवं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम कॅरीने श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, मराठी भाषांतराला हात घातला होता. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी करण्यात घालवली. भाषांतर पुरं करून १९२२ साली त्या गेल्या. ते छापून आलं १९२४ साली. पण चर्चबाहेरच्या मराठी वाचकाला ही भाषा अडखळायला लावायची. फादरांनी 'सुबोध बायबल' केलं, आजच्या मराठीत, टिपांसकट. त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' हे त्यांचं पुस्तक ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा तिघांच्या श्रद्धा जिथे गुंतल्या आहेत त्या इस्रायल-पॅलेस्टाईनच्या भूमीबद्दल आहे. आपल्या लोकांनी ते वाचावं असं मला वाटतं. 'नाही मी एकला' हे आत्मचरित्रही वाचावं.

आणि हे सगळं करून ७७ व्या वर्षी, पाठ धरलेली असताना, ते उस्मानाबादला आले. भाषणात संत होते, पर्यावरण होतं, आणि द्वेषाच्या राजकारणाविरुद्ध साफ भूमिका होती. दुखणं वाढल्याने दुसऱ्या दिवशी त्यांना उपचारांसाठी परतावं लागलं. २५ जुलै २०२४ ला वसईत त्यांचं निधन झालं. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. सव्वादोन महिने राहून गेले.

आता शरमेची गोष्ट.

माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षक होते. २००६ साली निवृत्त झाले. निवृत्तीनंतर आपल्याकडे माणसाचं जे होतं ते त्यांचंही झालं. हजची बचत, पहिल्या सफमधली जागा, नातवंडांना शाळेत सोडणं, लग्नाच्या दावतीत वडीलधारे म्हणून आधी बोलावणं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तुम्हाला आठवत असेल. आमच्या गावातही टँकर होते. हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभं असताना अब्बांना आठवलं की जिथे आपण उभे आहोत त्या चौकात पूर्वी एक आड होता. घरी येऊन त्यांनी नातवाची एक अर्धी कोरी वही घेतली आणि त्या आडाबद्दल जे आठवलं ते उर्दूत लिहून काढलं. कुणी खोदला, किती हात खोल, कोणत्या मोहल्ल्याचे लोक कोणत्या बाजूने पाणी भरायचे, उन्हाळ्यात कधी आटायचा, कधी बुजवला, कुणी बुजवला.

मग त्यांना नादच लागला. गावातले आड, बारवा, मशिदीतले आणि देवळामागचे हौद, सगळं शोधत फिरायचे. जुन्या कुंभाराला विचारायचे, माळ्याला विचारायचे, तलाठ्याकडे जाऊन बसायचे. दोन वह्या भरल्या, तिसरी सुरू झाली. २०१८ च्या उन्हाळ्यात एका बारवेच्या पायरीवरून घसरले आणि मनगट मोडलं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी त्यांना म्हणाले, "अब्बा, आता बस्स झालं. घरात बसा. अल्लाह अल्लाह करा." आणि त्यांच्या तीनही वह्या मी माळ्यावर ठेवून दिल्या.

मी. बी.एड. झालेली, मुलांना 'आजीवन शिक्षण' या विषयावर निबंध लिहायला लावणारी. मला वाटलं मी त्यांची काळजी घेते आहे. काळजीच होती ती, खोटी नव्हती. पण "अल्लाह अल्लाह करा" हे आपल्याकडे किती सहज म्हटलं जातं, आणि त्याचा खरा अर्थ किती वेळा "तुमचं काम संपलं, आता मधे मधे करू नका" असा असतो, याचा मी तोवर विचार केला नव्हता. आपण इबादतीचं नाव घेऊन माणसाला कोपऱ्यात बसवतो. अब्बांनी एकदाही तक्रार केली नाही. दीड वर्ष ते नुसते बसून होते. दीड वर्षात ते जेवढे म्हातारे झाले तेवढे त्याआधीच्या दहा वर्षांत झाले नव्हते.

म्हणून मांडवात त्यांचं ते वाक्य मला लागलं. व्हीलचेअरवरच्या माणसाला कुणीतरी म्हणालंच असेल, फादर, आता विश्रांती घ्या, प्रार्थना करा. प्रार्थना तर ते रोजच करत असणार. त्यांच्या लेखी प्रार्थना आणि टँकरविरुद्धचा मोर्चा ही दोन वेगळी खाती नव्हती, असं त्यांचं आयुष्य बघून मला वाटतं.

आपल्या दीनमध्ये तरी ती कुठे वेगळी आहेत? तिर्मिजी शरीफमध्ये हदीस आहे. माणसांमध्ये सगळ्यात चांगला कोण, असं पैगंबरांना (स.) विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी ज्याचं आयुष्य मोठं आणि काम चांगलं तो, असं सांगितलं. लांब उम्रच्या दुवा आपण सगळ्यांना देतो. हदीसचा दुसरा अर्धा भाग मात्र विसरतो. दुसरी हदीस आपल्या मुलांना पाठ असते. कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर जमत असेल तोवर ते लावून टाका. कयामतीच्या दिवशी त्या रोपाला फळ कधी येणार? तरीही लावा. हे ऐकून वाढलेला आपला समाज ६० वर्षांच्या माणसाच्या हातातलं रोप काढून घेतो आणि तिथे तसबीह देतो. तसबीह असूच द्या, रोपही राहू द्या.

फादरांबद्दल मी हे बोलते तेव्हा आमच्याच लोकांकडून दोन आक्षेप येतात. दोन्ही रास्त आहेत, म्हणून लिहिते.

पहिला असा की, ते फादर होते, त्यांना ना बायको ना मुलं. ना कर्ज, ना मुलीचं लग्न. आमच्या बापांना कुठे एवढी सवड? यात तथ्य आहे. संन्यस्त माणसाची पन्नास वर्षं आणि संसारी माणसाची पन्नास वर्षं एका तराजूत घालू नयेत. पण मी सवड नसलेल्या वयाबद्दल बोलतच नाही. मी साठीनंतरच्या वीस वर्षांबद्दल बोलते आहे. तेव्हा पेन्शन असते, मुलं कमावती असतात आणि दिवस रिकामा असतो. तो दिवस आपण काय करतो? आणि सवडीचाच विषय निघाला म्हणून सांगते, माझी अम्मी सत्तरीत आहे आणि आजही पहाटे उठून घराच्या भाकरी तीच करते. तिला कुणी निवृत्तही केलं नाही आणि तिच्या गळ्यात कुणी हारही घातला नाही. "अल्लाह अल्लाह करा" हे आपण फक्त पुरुषांना म्हणतो. बायकांना आपण त्या वयातही काहीच म्हणत नाही, फक्त ताट पुढे करतो. म्हातारपणाचा सन्मान करायचा म्हणाल तर त्यात अम्मीही धरायला हवी, आणि तिच्यासाठी तो सन्मान म्हणजे कदाचित सकाळी सातपर्यंत झोप हाच असेल.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ते म्हणतात, मॅडम, बहुसंख्याकांना आवडणारा एखादा अल्पसंख्य माणूस उचलून धरतात, त्याला शाल घालतात आणि बाकीच्यांना म्हणतात, बघा, तुम्ही असे व्हा. फादर तसेच.

हा राग मला कळतो, कारण मी तो रोज गिळते. मराठी शिकवायला लागून मला वीस वर्षं होत आली. आजही एखाद्या प्रशिक्षणात मी बोलले की कुणीतरी जवळ येऊन मनापासून म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" त्यांना वाटतं ते कौतुक करतात. मी हसून आभार मानते आणि मनात म्हणते, पाटील मॅडमना हे कुणी म्हणत नाही. ज्या भाषेत मी स्वप्नं बघते, त्या भाषेत मी पाहुणी आहे, असं ते कौतुक मला सांगत असतं.

पण फादर बहुसंख्याकांना आवडावं म्हणून वागले असं म्हणायला त्यांच्या आयुष्यात जागाच नाही. आवडायचं असतं तर वसईत ते गप्प बसले असते. आवडायचं असतं तर संमेलनाच्या मांडवात नुसत्या गोड गोष्टी सांगून उतरले असते. त्यांना विरोध झाला तोच मुळी ते आपला धर्म घरी ठेवून आले नव्हते म्हणून. ते फादर म्हणूनच आले. आणि त्यांना अध्यक्षपद मिळालं ते सर्वधर्मसमभावाची जागा भरायची म्हणून मिळालं, असं म्हणणाऱ्याने आधी चोवीस वर्षांचं मासिक, 'सुबोध बायबल' आणि बाकीची पुस्तकं टेबलावर मांडावीत आणि मग बोलावं.

मराठीत ख्रिस्ती माणूस काल आला नाही. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या. मराठीत मुस्लिम माणूसही काल आला नाही. त्याच सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहीत होते. १९९० साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, संत साहित्याचे मोठे अभ्यासक. त्याच वर्षी सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. ही यादी मी कुणाला उत्तर म्हणून पाठ केलेली नाही. वर्गात मुलं विचारतात म्हणून ती मला यावी लागते. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, आपण मराठी का उर्दू?" मी म्हटलं, "बाळा, तुला दोन हात आहेत ना?"

फादरांकडून मी घेतलं ते एवढंच. भाषेतलं आपलं स्थान कुणी मान्य करावं म्हणून वाट बघत बसायचं नाही. पन्नास वर्षं त्या भाषेत सगळ्यांच्या उपयोगाचं काम करत राहायचं. मान्यता आली तर आली. नाही आली तरी पाण्याबद्दल लिहिलेलं पाण्यासाठी उपयोगी पडतंच.

आणि ते जिंकलेच असंही नाही, हेही लिहायला हवं. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. रेल्वेतून जाताना दिसणाऱ्या इमारतींच्या रांगा बघितल्या तर 'हरित वसई' हे नाव कुणाला थट्टा वाटेल. पश्चिमेला काही गावांत अजून वाड्या आहेत, केळी आहेत, फुलं दादरच्या बाजारात जातात. तेवढं राहिलं ते लढणाऱ्यांमुळे राहिलं. बाकीचं गेलं. फादरांनी ते जाताना डोळ्यांनी पाहिलं आणि तरीही ते लिहीत राहिले. मला या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात जास्त भावतो. हार दिसत असताना माणूस रोप लावतो म्हणजे काय करतो, ते मला हदीस वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं या आयुष्याकडे बघून कळलं.

आपल्याकडे मोठ्या माणसाचा गौरव कधी होतो? मेल्यावर. ताजियती जलसा होतो, 'मरहूम बड़े नेक इन्सान थे' होतं, फोटो स्टेटसला लागतो. जिवंतपणी सत्कार झालाच तर शाल, नारळ, आणि ज्या माणसाचा सत्कार आहे त्याला बोलायला सगळ्यात शेवटी तीन मिनिटं. तेव्हा श्रोते जेवायला उठलेले असतात.

माझं म्हणणं साधं आहे. ज्येष्ठांचा सन्मान करायचा असेल तर त्यांना शाल देऊ नका, काम द्या. प्रत्येक मोहल्ल्यात एक निवृत्त शिक्षक, एक निवृत्त नर्स, एक जुना मिस्त्री, एक टेलर असतोच. मदरशाच्या मुलांना महिन्यातून एक तास निवृत्त गणिताच्या सरांनी गणित शिकवलं तर कुणाचं बिघडतं? जुन्या मिस्त्रीला घेऊन मशिदीच्या गच्चीचं पावसाचं पाणी कुठे जिरवायचं ते ठरवता येणार नाही का? म्हाताऱ्या बायकांच्या पाळण्याच्या, जात्याच्या, लग्नाच्या दखनी गाण्यांचं रेकॉर्डिंग नातीच्या मोबाईलवर होऊ शकतं. आणि जे लिहाल ते मराठीतही लिहा. मी उर्दूची शिक्षिका आहे, उर्दू सोडा असं मी मेले तरी म्हणणार नाही. पण आपल्या गावाबद्दलची आपली माहिती फक्त उर्दूत राहिली तर ती आपल्या शेजाऱ्यालाच वाचता येणार नाही, आणि हल्ली तर आपल्या नातवालाही.

अब्बांच्या वह्यांचं काय झालं, ते सांगून थांबते. संमेलनाहून आलो त्या रात्री मी काही केलं नाही. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, शाळा बंद झाली, तेव्हा स्टूल घेऊन माळ्यावरून वह्या काढल्या. अब्बांना म्हटलं, तुम्ही वाचा, मी मराठीत लिहिते. पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा पुसण्यातच पाच मिनिटं घालवली. मग वाचायला लागले. काही शब्दांवर आमची भांडणं झाली. आडाच्या काठाला ते 'मन' म्हणायचे, मी 'कठडा' लिहिलं, ते म्हणाले कठडा वेगळा. शेवटी 'मन' असंच ठेवलं आणि खाली टीप दिली. दोन वह्या झाल्या. त्यांच्या झेरॉक्स शाळेच्या आणि गावाच्या वाचनालयात आहेत. मशिदीच्या कमिटीलाही एक दिली. मशिदीच्या अंगणातला आड कुठे होता ते त्यात पानासकट आहे, त्याच्यावर आता फरशी आहे. तो उघडावा असं अब्बांचं म्हणणं आहे. कमिटी म्हणते, इन्शाअल्लाह पुढच्या साली बघू. चार वर्षं पुढचं साल चालू आहे.

अब्बा आता ७७ वर्षांचे आहेत, त्या दिवशी व्यासपीठावर फादर होते तेवढे. गुडघे गेलेत, त्यामुळे बारवेच्या पायऱ्या आता माझा मुलगा उतरतो आणि खालून ओरडून सांगतो, "नाना, इथे काहीतरी लिहिलंय!" अब्बा वर खुर्चीवर बसून विचारतात, कोणत्या लिपीत? तिसरी वही अर्धी बाकी आहे. येत्या रविवारी देवळामागच्या बारवेवर जायचं ठरलं आहे. पुजाऱ्यांना सांगून ठेवलं आहे, ते अब्बांसाठी सावलीत खुर्ची ठेवणार आहेत.